साईजचं सोवळं

"120च्या कॅमेऱ्यात 35चा रोल? आजोबांच्या वस्तूचं खेळणं केलंस!" एका वर्कशॉपमध्ये एका ज्येष्ठ फोटोग्राफरनी मला सगळ्यांसमोर सुनावलं. वस्तू म्हणजे आग्फा क्लिक थ्री. पंधरा वर्षं ती शोकेसमध्ये धूळ खात होती, तेव्हा तिचा अपमान होत नव्हता वाटतं.

आणि हे साईजचं सोवळं आलं कुठून? 120 फिल्म 1901 सालची. पुढे 1930च्या दशकात कोडॅकने तीच फिल्म बारीक स्पूलवर गुंडाळली आणि नाव दिलं 620. रुंदी तीच, फोटो तेवढाच, पण 620च्या कॅमेऱ्यात 120चा रोल बसेना. 1995ला कोडॅकने 620 बंद केला. मग लोक 120च्या स्पूलच्या कडा घासून तो बसवायला लागले. मी सॉफ्टवेअरवाला, चार्जरची पिन बदलण्याचा हा धंदा लगेच ओळखतो.

कोलशेतच्या घरी मी 3डी प्रिंटरवर दोन टोप्या छापल्या आणि 35च्या डबीला दोन्ही बाजूंनी बसवल्या. या फिल्मला पाठीमागे कागद नसतो, म्हणून लाल खिडकीवर काळी टेप. मग आकडे दिसत नाहीत, फेरे मोजायचे. माझे तीन फोटो एकमेकांवर चढले. रोल काढायचा तोही काळ्या पिशवीत हात घालून. त्रास आहेच, नाही कोण म्हणतंय?

पण आजीचा फोटो आला. लांब पट्टी, वर-खाली फिल्मची भोकं, मागे टॉवर. व्ह्यूफाइंडर चौकोन दाखवतो, फिल्म मात्र मधलाच पट्टा टिपते.

"डोकं कापलंस की रे माझं," आजी म्हणाली.

पुढच्या रोलला दोन पावलं मागे उभा राहीन.