आईपणाला नोकरीची आडकाठी

घटस्फोटित शिक्षिका नोकरी करते, म्हणून मुलीकडे लक्ष देऊ शकणार नाही, असे सांगून भाचीला दत्तक घेण्याचा तिचा अर्ज फेटाळणारा भुसावळच्या न्यायालयाचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. गौरी गोडसे यांनी 11 एप्रिल 2023 रोजी रद्द केला, हे योग्यच झाले. परंतु असा आदेश मुळात निघालाच कसा, हा प्रश्न त्याने मिटत नाही. 2015 च्या बाल न्याय अधिनियमानुसार एकल वा घटस्फोटित व्यक्तीस दत्तक घेता येते आणि ‘नातेवाईक’ या संज्ञेत, म्हणजे आप्तांचे मूल दत्तक घेण्यास पात्र असलेल्यांत, मावशीचा स्पष्ट उल्लेख आहे. जन्मदात्यांची संमती होती. दत्तकविधानांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाची, अर्थात ‘कारा’ची, पूर्वमान्यताही होती. तरीही कायद्यात नसलेली अट न्यायालयाने पदरची घातली. एकट्या पालकाने कमवायचे नाही, तर मुलाला वाढवायचे कशावर?

याबाबत म्हैसूरचा इतिहास बोलका आहे. 1865 मध्ये सत्तरीच्या कृष्णराज वाडियार तिसरे यांनी दोन वर्षांच्या चामराजेंद्रांना दत्तक घेतले. गव्हर्नर जनरल लॉरेन्स यांनी नाकारलेला तो वारस लंडनने 1867 मध्ये मान्य केला. वाद सारा गादीचा होता. वृद्ध राजाला मुलासाठी सवड मिळेल काय, असे कोणी विचारले नाही. पुढे 1894 मध्ये चामराजेंद्र वारले तेव्हा त्यांचा मुलगा दहा वर्षांचा होता, आणि त्यांच्या विधवा पत्नी वाणीविलास यांनी 1902 पर्यंत त्याला वाढवीत राजप्रतिनिधी म्हणून राज्यकारभार केला. एकटी आई संस्थान सांभाळू शकत होती, मग शिक्षिका भाचीला का सांभाळू शकणार नाही? नोकरदार जन्मदात्या आईला कोणी अपात्र ठरवीत नाही. दत्तक आईलाच हा जाच का?

दत्तकाचा अर्ज दोन महिन्यांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो. येथे मार्च 2022 मधील नकार पुसायलाच वर्ष उलटले. सप्टेंबर 2022 पासून दत्तक आदेशाचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवण्यात आला असून, मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये प्रलंबित अर्ज त्यांच्याकडे वर्ग करणे थांबवले होते. अधिकार अखेर कोणाकडेही राहो, अर्जदार बाईची नोकरी हे नकाराचे कारण होऊ शकत नाही, हे राज्य शासनाने प्रत्येक जिल्ह्याला लेखी कळवावे, आणि ते आताच कळवावे.