उपग्रह वर गेला, पण खाली कसा येणार?

आपल्या हैदराबादेत आता रॉकेट आणि उपग्रह तयार होतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथल्या स्कायरूट कंपनीचे 'विक्रम-एस' उडाले. त्याच महिन्यात ध्रुव स्पेसचे दोन छोटे 'थायबोल्ट' उपग्रह पीएसएलव्हीने अवकाशात सोडले. आपल्या मंडळींची मुलेमुलीही या क्षेत्राकडे वळावीत असे आम्हाला वाटते. म्हणूनच एक प्रश्न सभासदांपुढे ठेवत आहोत: काम संपल्यावर उपग्रहाचे काय होते?

बंद पडलेला उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने फिरतच राहतो. १० फेब्रुवारी २००९ रोजी रशियाचा निकामी 'कॉसमॉस २२५१' आणि अमेरिकेचा चालू 'इरिडियम ३३' एकमेकांवर आदळले. त्यातून हजारो तुकडे उडाले, आणि असा प्रत्येक तुकडा इतर उपग्रहांना धोकाच असतो.

छोट्या उपग्रहात इंजिन आणि इंधनाला सहसा जागा नसते. त्याला साधा उपाय म्हणजे शीड. पाचशे किलोमीटर उंचीवरही अगदी विरळ हवा असते. पातळ पडदा उघडला की हवेचा अडथळा वाढतो, कक्षा हळूहळू खाली येते आणि शेवटी उपग्रह वातावरणात जळून जातो. शीड एकदा उघडले की उपग्रह बंद पडला तरी हे काम चालू राहते.

अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी मे २०२२ मध्ये असा उपग्रह सोडला. बाजारात मिळणारे सुटे भाग आणि पेन्सिल सेल वापरून तो बनवला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये, म्हणजे अंदाजापेक्षा सुमारे पाच वर्षे आधी, तो खाली आला.

या उपायाला मर्यादा आहेत. आठशे किलोमीटरच्या आसपास हवा फारच विरळ असल्याने तिथे शिडाचा उपयोग कमी होतो. शिवाय शिडाला जागा आणि पैसा लागतो, आणि त्यातून उत्पन्न काहीच नाही. सक्ती नसेल तर खर्च वाचवताना पहिली काट त्यालाच बसेल.

अमेरिकेने २०२२ मध्ये काम संपलेला उपग्रह उतरवण्याची मुदत पंचवीस वर्षांवरून पाच वर्षांवर आणली. इस्रोने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले, की २०३० पर्यंत सरकारी आणि खासगी, सर्वच भारतीय मोहिमा कचरामुक्त करायच्या आहेत. हे उद्दिष्ट साधायचे, तर उपग्रह परत आणण्याची योजना परवानगीच्या वेळीच तपासली गेली पाहिजे, असे आमचे मत आहे. आणि घरातल्या कुणी उपग्रहाचा प्रकल्प हाती घेतला, तर 'वर कधी जाणार?' याबरोबरच 'खाली कसा येणार?' हेही आपण जरूर विचारावे.