गिरणीच्या जागेबद्दल, गिरणीवाल्या घरातून

टाटा मिल, पोदार, दिग्विजय आणि इंडिया युनायटेड क्र. 5. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या मुंबईतल्या या चार गिरण्या 2020 च्या टाळेबंदीत थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. उद्या तिथे पुनर्विकास होईल. त्याआधी आमचं ऐका.

1. वाटणी सगळ्या जमिनीची करा. 1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे होते: महापालिका, म्हाडा आणि मालक. 2001 च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. शेड, गोदामांखालची जमीन हिशेबातून गेली. गिरणीत मोकळी जागा असते तरी किती? सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये ही दुरुस्ती कायम ठेवली, हे मान्य. पण या चार गिरण्या सरकारच्याच आहेत. कायद्यापेक्षा जास्त द्यायला सरकारला कोणी अडवलेलं नाही.

2. गिरणी कामगारांची घरं गिरणगावातच द्या. कर्जतच्या वाटेवरचं शेलू-वांगणी नको. ज्यांची मुलं-नातवंडं परळ-लालबागमध्ये पोट भरतात, त्यांना कर्जत लोकलला लटकवू नका.

3. गिरण्यांची दप्तरं आधी ताब्यात घ्या. माझ्या मते सगळ्यात तातडीचं काम हेच. 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा असेल, तरच कामगाराला किंवा वारसाला घर मिळतं. बाबा गिरणीच्या त्रासन (सूतकताई) खात्यात होते. त्यांची फंडाची पावती आईने पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत जपली, म्हणून आमचा अर्ज भरला गेला. काका बदली कामगार. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, साचा (माग) मिळाला तर हजेरी. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि ते गावी गेले. पास तिकडेच कुठे तरी हरवला. काकू गिरणीच्या कचेरीत हजेरीपट मागायला गेली, तर दप्तर सापडत नाही म्हणाले. दप्तर सांभाळायचं काम काकूचं नव्हतं. पाडकामाचा पहिला घाव पडण्याआधी या चारही गिरण्यांचे हजेरीपट, पगारपट सरकारने उचलावेत, त्यांची छायाचित्रं काढावीत आणि नावांच्या याद्या वॉर्ड कचेरीत लावाव्यात.

4. खानावळवाल्यांना मोजा. माझी आजी पंधरा गड्यांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालायची. अशाच बायकांची संघटना म्हणून 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. गिरणीच्या पटावर त्यांची नावं कधीच नव्हती, त्यामुळे घराच्या यादीतही येणार नाहीत. निदान नव्या इमारतींच्या तळमजल्यावर त्यांच्या लेकी-सुनांसाठी स्वयंपाकाचे गाळे राखून ठेवा, आणि भाडं त्यांना झेपेल एवढंच घ्या.