विहाराच्या दिव्याची राखण



स्वस्त व मुबलक वीज हवी, असा आग्रह बाबासाहेबांनी मजूर खाते सांभाळताना १९४३ मध्येच धरला होता. आज कित्येक वस्त्या वर्गणी काढून विहाराच्या अभ्यासिकेवर सौर पॅनल बसवतात, याचा आम्हाला अभिमान वाटतो. मात्र पैसे वाचवायला चार्ज कंट्रोलर गाळू नका.

मोकळ्या पॅनलचा दाब २१ व्होल्टच्या आसपास जातो; १२ व्होल्टच्या बॅटरीला भरताना साधारण १४.४ व्होल्ट पुरतात. जास्त झाले की आतले पाणी आटते, बॅटरी निकामी होते आणि ऐन परीक्षेत मुले अंधारात बसतात. कंट्रोलर हे रोखतो. बॅटरी फार उतरली तर दिवेही बंद करतो.

१०० वॅटच्या पॅनलला १० अँपिअरचा कंट्रोलर चालतो. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल, शेवटी दिवे. बॅटरी जोडल्यावरच कंट्रोलरला व्होल्टेज कळते. सोडवताना क्रम उलटा. अधिक-उणे दोनदा तपासा. बॅटरीच्या अधिक टोकाजवळ फ्यूज हवाच. दोन बॅटऱ्या असतील तर एकाच क्षमतेच्या, एकाच वेळी घेतलेल्या घ्या. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. म्हणून ती हवेशीर जागी, वंदनेच्या मेणबत्त्यांपासून दूर ठेवा.

प्रत्येक विहारातील एका मुलाने व एका मुलीने हे काम शिकावे. दरमहा बॅटरीचे पाणी पाहून वहीत नोंद करावी. वर्गणीचा पैसा घामाचा आहे. तो जपणे आपले कर्तव्यच!

जयभीम!