शोध वाशीत, निकाल परदेशातले? सर्चची सेटिंग्ज अशी तपासा

वाशीत रात्री उघडे मेडिकल शोधले आणि यादी परदेशातली आली, तर आधी व्हीपीएन बंद करा. पत्त्यात 'डॉट को डॉट इन' लिहून भागत नाही. २०१७ पासून गुगल वापरकर्त्याच्या ठिकाणानुसार निकाल दाखवते. गुगल सर्चच्या सेटिंग्जमध्ये प्रदेश 'भारत' निवडा. सर्च इंजिनच भलते असेल, तर क्रोममधील तीन ठिपक्यांवरून सेटिंग्ज आणि मग 'सर्च इंजिन' उघडून हवे ते निवडा.

ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि नवा अँड्रॉइड फोन सुरू करतानाच सर्च इंजिन निवडू द्या, असे बजावले. हा ग्राहकाचा हक्क आहे. सेटिंग्ज उघडलीच नाहीत, तर निवड मात्र दुसऱ्याचीच राहते.