आजीचा चष्मा आणि राधाचं घर

मैत्रिणींनो, सांगायला थोडी लाज वाटते, पण तुमच्यापासून काय लपवायचं! आमची धाकटी दुसरीत, इंग्रजी माध्यमात. परवा सासूबाईंना चष्मा सापडेना, म्हणून त्यांनी आलेली लग्नपत्रिका तिच्या हातात दिली. पोरगी "स... स्ने..." करत दोनदा अडखळली आणि म्हणाली, "आजी, हे मराठीत आहे गं!" सासूबाई काही बोलल्या नाहीत. पत्रिकेची घडी करून त्यांनी उशाशी ठेवली. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली, इथे नाशिक रोडलाच सकाळच्या शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी. लोकांच्या मुलांना जोडाक्षरं घोटून द्यायची आणि घरात ही तऱ्हा! त्या दिवशी पोळ्या करपल्या, त्या काही तवा तापला म्हणून नव्हे.

मग मी काय केलं? रोज एक पान शुद्धलेखन. चौथ्या दिवशी रडारड, पाचव्या दिवशी पोटात दुखणं. सुटका झाली ती आमच्या शाळेतल्या एका बाईंनी दिलेल्या 'राधाचं घर' या छोट्या पुस्तकांच्या संचामुळे. लेखन आणि चित्रं दोन्ही माधुरी पुरंदरे यांची. परी नाही, राक्षस नाही. राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते, एवढंच. आई, बाबा, आजी, आजोबा. म्हटलं तर यात गोष्ट काय आहे? पण मुलांना तेच तर हवं असतं बरं का! आपल्या घरात रोज जे चालतं ते पुस्तकात छापून आलेलं बघून आमची धाकटी चकितच झाली.

या बाईंची वाटचाल मला मोठी नवलाची वाटते. जन्म 1952 चा. वडील शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे. आई निर्मलाताईंनी 1981 मध्ये 'वनस्थळी' संस्था काढून खेड्यापाड्यांतल्या बायकांना बालवाडी चालवायला शिकवलं. माधुरीताई मुंबईच्या जे. जे. मध्ये चित्रकला शिकल्या, पुढे पॅरिसला गेल्या. परत येऊन पुण्यात बरीच वर्षं फ्रेंच शिकवलं. गायल्या, नाटकांत कामं केली, अनुवाद केले, पिकासोवर पुस्तक लिहिलं. आपल्याकडे अशा मुलीला "धड एक काही करत नाही" म्हणायची पद्धत आहे. पण मुलांच्या पुस्तकात हे सगळंच उपयोगी पडलं. शब्द आणि चित्र एकाच हातचं असलं की चित्र जे सांगतं ते शब्दाला पुन्हा सांगावं लागत नाही. वाक्यही नाटकातल्यासारखं, तोंडात सहज बसणारं. 2014 मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. 2016 मध्ये टाटा ट्रस्टचा 'बिग लिटल बुक' पुरस्कार सुरू झाला, तेव्हा लेखनासाठीचा पहिलाच मान मराठीला, म्हणजे त्यांना मिळाला.

मुलं जरा मोठी असतील तर 'वाचू आनंदे' बघा. नामवंत लेखकांचे निवडक उतारे आणि जोडीला चित्रं. बालगटासाठी वेगळं, कुमारांसाठी वेगळं. हायस्कुलातल्या मुलांना त्यांनी अनुवाद केलेलं 'हॅनाची सूटकेस' द्या, पण आधी स्वतः वाचा. युद्धातल्या एका ज्यू मुलीची ती खरी हकिगत आहे, मुलं प्रश्न विचारतील.

पैशांचं म्हणाल तर मी रद्दीचे पैसे त्यासाठी वेगळ्या डब्यात टाकते. संक्रांतीला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटण्यापेक्षा एकेक पातळ पुस्तक लुटावं असंही मनात आहे. आमच्या गल्लीतल्या बायका हसतील, हसू देत.

एक मात्र सांभाळा. पुस्तक हातात दिल्या दिल्या "वाच बघू" म्हणू नका. मी तीच चूक करणार होते. आधी नुसती चित्रं बघू द्या, तुम्हीच मोठ्यानं वाचा, बोट फिरवू नका, चूक काढू नका. हात शिवशिवतात, मला ठाऊक आहे, मास्तरीण आहे ना मी!

पंधरा दिवसांनी धाकटीनं जाहीर केलं की राधाच्या आजीचं पुस्तक आहे, तर आपल्याही आजीचं हवं. पाठकोरे कागद शिवून वही केली. पहिल्या पानावर आजी, नाकावर भलामोठा चष्मा. खाली नाव लिहायचं तर गाडी अडली. माझ्याकडे न येता ती थेट आजीकडेच गेली. सासूबाईंनी तिचा हात धरून पोटफोड्या 'ष' काढून दाखवला. अजून ती तो उलटाच काढते. आणि 'राधाचं घर' सध्या शेजारच्या वहिनींकडे गेलंय, दोनदा मागितलं तरी परत आलेलं नाही.