सर्व्हरच्या पोटात नको ते सामान

‘सर्व्हर डाउन आहे, थोड्या वेळाने या.’ रेशन दुकानापासून तहसील कचेरीपर्यंत हे वाक्य आता सगळ्यांच्या कानावरचे झाले आहे. सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीवर मात्र ते महागात पडते. उल्हासनगर कॅम्प ४ मधून आठव्या महिन्यातली बाई रिक्षाने तपासणीला येते. तिचा मागच्या आठवड्याचा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट संगणकात आहे आणि संगणक उघडत नाही. मग नवी चिठ्ठी, पुन्हा सुई, पुन्हा रांग, आणि सोबत आलेल्या माणसाचा कामावर आणखी एक खाडा.

सर्व्हर बंद पडण्यामागे कधी वीज असते, कधी तुटलेली केबल. पण सर्वांत वाईट कारण म्हणजे बाहेरून झालेला हल्ला. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समधले पाच सर्व्हर असे बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. पुढचे जवळपास दोन आठवडे नोंदणी आणि रिपोर्ट हाताने लिहिले गेले. एका वेगळ्या, सुरक्षित राहिलेल्या बॅकअप सर्व्हरमुळे ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली. त्याआधी मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला गाठले. तिथे रद्द झालेल्या भेटींचा अंदाज १९ हजारांच्या घरात होता. तो किडा ज्या वाटेने शिरला ती वाट लक्षात ठेवण्यासारखी आहे. विंडोजमध्ये फायली वाटून घेण्याची एक जुनीपुराणी सोय होती. बहुतेक यंत्रांना तिची गरज उरली नव्हती, तरी ती चालूच होती. दुरुस्ती दोन महिने आधी आली होती, पण अनेक ठिकाणी ती कोणी बसवलीच नाही.

गरज नसलेले सामान सर्व्हरमध्ये राहते कसे, हे उल्हासनगरकरांना समजावणे सोपे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बॅरेकींमध्ये फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली. एका लांबलचक बॅरेकीत आडोसे घालून अनेक संसार थाटले गेले. आजचा मोठा सर्व्हर असाच वापरतात. एका दणकट संगणकावर हायपरवायझर नावाचे सॉफ्टवेअर आडोसे घालते आणि प्रत्येक खोलीला आपण स्वतंत्र संगणक आहोत असे भासवते. या खोल्या म्हणजे व्हर्च्युअल मशीन. एकीत नोंदणी, दुसरीत प्रयोगशाळा, तिसरीत औषधसाठा.

घोळ पुढे आहे. प्रत्येक खोलीत अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम बसवली जाते. तिच्यात प्रिंटर, ध्वनी, ब्लूटूथ अशा उपकरणांची चालक सॉफ्टवेअरे येतात, जरी त्या खोलीला ना प्रिंटर आहे ना स्पीकर. ती जागा खातात, आणि त्यातल्या प्रत्येकात उद्या एखादी फट सापडू शकते. दर फटीला दुरुस्ती लागते, आणि दुरुस्ती करणारा माणूस चार रुग्णालयांत मिळून एक असतो.

यावरचा उपाय नवा नाही. आयबीएमने १९६० च्या दशकात व्हर्च्युअल मशीन बनवली तेव्हाच तिच्यासाठी सीएमएस नावाची छोटी, एकाच वापरकर्त्यापुरती सिस्टीम लिहिली होती. वाटणी करायचे काम खालचे सॉफ्टवेअर करत असताना वर तेच पुन्हा कशाला, हा साधा हिशेब. मधल्या काळात यंत्रे स्वस्त झाली आणि हा हिशेब मागे पडला. २०१३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील अनिल माधवपेड्डी आणि सहकाऱ्यांनी ‘युनिकर्नेल’ची कल्पना मांडली. ज्या एका कामासाठी मशीन आहे, त्या कामापुरतेच सिस्टीमचे भाग प्रोग्रामसोबत जोडायचे, बाकी काही नाही. त्यांचा नावपत्ता शोधून देणारा डीएनएस सर्व्हर अर्ध्या एमबीपेक्षाही लहान भरला. मोबाइलवरचा एक फोटो याहून मोठा असतो. इतक्या टोकाला जायचे नसेल तर अल्पाइनसारखे सडपातळ लिनक्स आहे. त्याची मूळ प्रतिमा सुमारे पाच एमबीची.

सूक्ष्मजीवशास्त्रात याला चपखल जोड आहे. मायकोप्लाझ्मा या जिवाणूला पेशीभित्तिका नसते. पेनिसिलिन नेमके भित्तिकेच्या बांधणीवर घाव घालते, म्हणून मायकोप्लाझ्माच्या न्यूमोनियात अमॉक्सिसिलिन देऊन उपयोग होत नाही. घाव घालायला जागाच नाही! हल्लेखोराला आत शिरल्यावर आज्ञा देण्यासाठी जी ‘शेल’ लागते, ती युनिकर्नेलमध्ये नसते. इथे डॉक्टरच्या जागी चोर आहे, एवढाच फरक.

पण याच जिवाणूने एक इशाराही दिला आहे. क्रेग व्हेंटर यांच्या चमूने २०१६ मध्ये मायकोप्लाझ्माचे जनुकसंच छाटत छाटत फक्त ४७३ जनुकांची पेशी बनवली. त्यातल्या १४९ जनुकांचे काम काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. ती काढली की मात्र पेशी जगत नव्हती किंवा नीट वाढत नव्हती. सॉफ्टवेअरचेही तसेच. नेहमीच्या लिनक्ससाठी बांधलेला प्रोग्राम अल्पाइनवर चालेलच असे नाही. शेल नाही म्हणजे बिघाड झाल्यावर तंत्रज्ञालाही आत डोकावता येत नाही, सगळे निदान बाहेर पाठवलेल्या नोंदींवरून करावे लागते. वीज गेल्यावर असे मशीन क्षणात उठते, हे खरे. मात्र ज्या यंत्रावर ते चालते त्याला जागे व्हायला वेळ लागतोच.

आणि एम्सच्या बाबतीत सरकारने संसदेत जे कारण दिले ते नेटवर्कची विभागणी नीट नसल्याचे होते. ते दुखणे सिस्टीम लहान केल्याने बरे होत नाही. खिडकीवरच्या कारकुनाच्या टेबलावर विंडोज राहणारच.

म्हणून सरकारी रुग्णालयांनी उद्याच सगळे बदलावे असे सुचवणे वेडेपणाचे ठरेल. सुरुवात एकाच कामाच्या मशीनपासून व्हावी: टोकनचा फलक, डीएनएस, प्रयोगशाळेचे रिपोर्ट पुढे धाडणारा दुवा. ई-सुश्रुत किंवा ई-हॉस्पिटलसारख्या मोठ्या प्रणालींच्या सर्व्हरबाबत पुढच्या निविदेत दोन कलमे तरी घालता येतील. प्रत्येक व्हर्च्युअल मशीनमध्ये काय काय बसवले आहे आणि कशासाठी, याची यादी पुरवठादाराने द्यावी. जे कशासाठी ते सांगता येत नाही, ते चाचणी करून काढावे. निविदेत आजवर प्रोसेसर किती, मेमरी किती, हेच विचारले जाते. बॅकअप त्याच नेटवर्कवर आहे की वेगळा, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. आणि हे होईपर्यंत केसपेपरच्या खिडकीजवळ छापील कोऱ्या अर्जांचा गठ्ठा असू द्यावा.